मोठ्या आत्याच्या केसांतला घेवडा

४ मार्च

ठकू,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर. पाठीला रग लागली आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. मोठ्या आत्याच्या वस्तू आज तुझ्या संग्रहालयाकडे रवाना केल्या. फोनवर का सांगितलं नाही म्हणशील, तर फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ओरडता येत नाही, कारण तिथे म्हणे सगळे दिवसभर कुजबुजतात. कागद बरा. कागदाला दोनदा 'काय?' म्हणावं लागत नाही.

पहिल्या खोक्यात ताईची टोपी, भिंग, चिखलाचे बूट आणि चार चष्मे आहेत. चारही फुटके आहेत, दुरुस्त करून घेऊ नकोस, ती तसेच वापरायची. दुसऱ्यात फुलांना घालायच्या पिशव्या. हो, फुलांनाच. एका घेवड्याचा पराग दुसऱ्याला लावला की मधमाशीनं मध्ये लुडबुड करू नये म्हणून ताई त्या फुलाला पिशवी घालून दोरा बांधायची. सगळ्या पिशव्या मी शिवलेल्या आहेत, जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या. तुमच्या पाटीवर 'घरच्यांचा मोलाचा पाठिंबा' असलं काही लिहिणार असशील तर त्याऐवजी माझं शिवणकाम लिही.

तिसऱ्या खोक्यात पत्र्याचा डबा आहे. त्यात ठिपकी आहे. तुला आठवत असेल, पांढऱ्यावर काळसर ठिपके असलेला घेवडा. तांबेरा पडून गावोगावची शेतं लाल होऊन वाळली, तेव्हा ही एक जात उभी राहिली आणि तुझी मोठी आत्या मोठी झाली. ती गेल्यापासून दर वर्षी ठिपकी मी परसात लावते, शेंगा काढते, वाळवते आणि पुन्हा डब्यात भरते. पण आता परस राहणार नाही. पुढच्या महिन्यात मी चौथ्या मजल्यावर राहायला चालले. खाली दवाखाना, वर मी, मध्ये लिफ्ट. गुडघ्यांचा हुकूम आहे, अपील नाही.

म्हणून सगळं बी तुझ्याकडे देते आहे. तुमच्याकडे वस्तू पिढ्यान् पिढ्या जपतात, आणि इमारतीच्या मागे बागही आहे, तूच म्हणाली होतीस. तेव्हा नीट जप. वेळ आली की काय करायचं ते तुला सांगायला नको.

धाकटी आत्या

*

१५ मार्च

आत्या,

खोकी सुखरूप पोचली. टोपीला अजून मातीचा वास आहे. ती हातात घेऊन मी जरा वेळ नुसतीच बसून राहिले, मग कुणीतरी आलं म्हणून घाईघाईनं कामाला लागले.

प्रदर्शन जोरात चाललंय. पहिली खोली तिच्या नोकरीची. बायकांना संशोधन केंद्राच्या शेतात पाय ठेवू देत नव्हते, म्हणून ती तिथे टंकलेखक म्हणून चिकटली आणि खरं काम कामावर जायच्या आधी तुमच्या परसात करत राहिली, ते सगळं तिथे आहे. दुसरी खोली तांबेऱ्याची. तिसरी घरची, तिथे तुझ्या पिशव्या. (पाटीवर तुझं शिवणकाम आलंय, पाठिंबा काढून टाकला.) संचालक साहेबांना प्रवेशदारावर 'युगप्रवर्तक' हवंय. मी म्हटलं, 'चिडक्या' लिहा, ओळखीचे लोक लगेच ओळखतील. साहेब हसले नाहीत. साहेब शनिवारीच हसतात.

ठिपकीची अजिबात काळजी करू नकोस. बाहेरून आलेली कापडाची, लाकडाची, धान्याची कुठलीही वस्तू आमच्याकडे आधी गोठवणपेटीत जाते. एक भुंगा आत शिरला तर मजल्यावरच्या सगळ्या कपाटांची वाट लावेल. तुझा डबा चांगला आठवडाभर कडक गोठवून घेतला. तेव्हा निर्धास्त राहा, त्यात आता काहीही जिवंत राहिलेलं नाही.

बियांवरून एक गंमत आहे, पण ती आत्ता सांगणार नाही. आमच्या मांडणीवाल्याला अशी कल्पना सुचली आहे की उद्घाटनाला तू पाहशील तेव्हा तोंडात बोट घालशील. कपाटं, चित्रं, दिवे सगळं तोच करतो, हात सोन्याचा आणि नाक आभाळात. चौथ्या मजल्यावर सामान चढवताना स्वतः काही उचलू नकोस.

ठकू

*

२० मार्च

ठके,

तुझं पत्र उभ्यानं वाचलं आणि मग बसावं लागलं. काहीही जिवंत राहिलेलं नाही? आणि हे तू मला निर्धास्त करायला लिहितेस? अगं, बी आहे ते, चहाचा कप नाही! कप न हलवता ठेवला की जपला. बी जपायचं म्हणजे लावायचं, दर वर्षी, नाहीतर ते हळूहळू मरतं. तुझ्या आत्यानं आयुष्यभर दुसरं केलं काय?

मला वाटलं, मागे बाग आहे, तिथे वाफा कराल आणि लावाल. वेळ आली की म्हणजे पेरणीची वेळ आली की. तुला उद्घाटनाची वेळ वाटली असेल. माझंही चुकलंच, डब्यावर चिठ्ठी लावायला हवी होती. पण घेवडा पेरतात हे चिठ्ठी लावून सांगावं लागेल असं स्वप्नातही वाटलं नाही.

मी सगळं बी पाठवलं आहे. माझ्याकडे एकसुद्धा ठेवलं नाही, ठेवून लावणार कुठे? शेतकरी नव्या जातींकडे वळले, आणि केंद्रानं तर जागा नाही म्हणून जुन्या जाती कधीच काढून टाकल्या, त्यात ठिपकीही गेली. जगात ती होती तेवढी त्या डब्यात होती.

ताईनं शेवटच्या दिवसांत पुरस्काराचं नाव काढलं नाही, पुस्तकांचं नाही, पैशांचं नाही. एवढंच म्हणाली, 'ठिपकी जाऊ देऊ नकोस.' मी म्हटलं, 'नाही जाऊ देणार, झोप आता.' तेवढा एक शब्द दिला होता तिला. आणि गुडघे दुखतात म्हणून मी तो खोक्यात घालून पाठवला.

चिमट्याला विचार. ताईचा शिष्य, खिशात कायम फुलं उघडायचा चिमटा असायचा म्हणून ताईनं ते नाव ठेवलं होतं, तोच. आता केंद्रात मोठा साहेब झाला आहे म्हणे. नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. काही करता येईल का, एवढंच विचार. मला त्याच्याशी बोलायची हिंमत नाही.

धाकटी आत्या

*

२५ मार्च

आत्या,

आधी हे वाच, बाकीचं नंतर: गोठवल्यानं बी मरत नाही.

तुझं पत्र जिन्यात उभ्यानंच वाचलं. जिन्यातूनच चिमटाकाकांना फोन लावला. मी रडत रडत सगळं सांगितलं आणि ते हसायला लागले. इतके हसले की मला राग आला. म्हणाले, 'अगं वेडे, आम्ही आमचं सगळं बी गोठवूनच ठेवतो! तुम्ही किडे मारायला गोठवता, आम्ही बी टिकवायला. पेटी तीच.' म्हणजे बघ, मी तिला मारायला गेले आणि तिची उत्तम सोय करून आले.

पण एक अट आहे. बी पूर्ण वाळलेलं असलं तरच. ओल राहिली असेल तर गोठताना आतल्या आत फुटतं आणि मग काही उपयोग नाही. काकांनी मुद्दाम विचारलंय, डबा भरण्याआधी तू ठिपकी कशी वाळवली होतीस, आणि पुरती वाळली हे कशावरून ठरवलंस? लगेच कळव, कुरिअरनं पाठव.

बाकी सगळं ठीक आहे. बी सध्या मांडणीवाल्याकडे आहे, त्याच्याकडून घेते.

ठकू

*

२९ मार्च

ठकू,

चिमट्याला सांग, कशावरून म्हणजे कवळीवरून.

ताईची पद्धत होती. बी दाताखाली धरायचं. दात रुतला तर ओल आहे, पुन्हा सावलीत पसर. कडकन फुटलं तर वाळलं. तिनं आयुष्यभर तसंच केलं आणि मीही तसंच करते. या खेपेला डबा भरताना ठिपकी दाताखाली धरली आणि कडकन आवाज आला, पण तो ठिपकीचा आणि कवळीचा मिळून आला. नवी कोरी कवळी पुढून चिरली. दंतवैद्य म्हणाला, 'आजी, दगड चावलात का?' म्हटलं, 'नाही रे, विज्ञान.' त्याला काही कळलं नाही, पण त्यानं जोडून दिली.

ओल्या बीनं कवळी चिरत नाही. माझा जीव भांड्यात पडला. काल कुठे पहिल्यांदा नीट जेवले, आणि शेजारणीशी विनाकारण भांडत होते तेही थांबवलं.

आता पुढचं ऐक. मे संपता संपता पेरणी करतात. तुमच्या बागेत वाफा कर, नाही जमलं तर डबा चिमट्याकडे दे. प्रदर्शनात मांडायला चार बिया ठेव, चारच.

आणि आता मला खरं सांग. 'बाकी सगळं ठीक आहे' हे वाक्य तू लहानपणापासून फक्त काहीतरी फोडल्यावर म्हणतेस. बी मांडणीवाल्याकडे काय करतं आहे?

धाकटी आत्या

*

२ एप्रिल

ठकू,

तू केंद्रात पाठवलेला फोटो पाहिला. फोनवर तू 'थोडासा गोंद' म्हणाली होतीस. याला थोडासा म्हणत नाहीत.

मॅडमचं, म्हणजे तुझ्या मोठ्या आत्याचं, चित्र तसं चांगलं जमलं आहे. पांढऱ्या बियांचा चेहरा, लाल बियांची शाल. नाक दुप्पट झालं आहे, पण ते राहू दे. मात्र पिकलेले केस दाखवायला ठिपकी वापरायची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या कल्पकतेला नमस्कार करून मला त्याचा गळा धरावासा वाटला. डब्यात एकही उरली नाही म्हणतेस. म्हणजे मॅडमनी घडवलेली जात मॅडमच्याच डोक्यावर चिकटून बसली आहे.

आता नीट वाच. गोंद पाण्यात विरघळणारा असेल तर आशा आहे. घेवड्याचं बी कडेच्या डोळ्यातून पाणी पितं. तो डोळा रोगणानं बुजला असेल तर अगदी हलक्या हातानं घासून मोकळा करावा लागेल. आणि महत्त्वाचं: बी एकदा भिजलं की परत डब्यात जात नाही. भिजवलं म्हणजे पेरलंच. तेव्हा माती तयार ठेवूनच सुरुवात करा. मी सोमवारी येतो. मी येईपर्यंत कोणीही उलथनं, सुरी किंवा हुशारी वापरू नये.

धाकट्या ताईंना कळवलंस का? कळव. त्या रागावतील, पण अंधारात राहिल्या तर जास्त रागावतील. आणि हे मी केंद्राच्या वतीनं येत नाही. मॅडमनी मला पहिल्या दिवशी उघडायला दिलेलं फूल ठिपकीचंच होतं. मी ते मोडलं होतं. म्हणाल्या, 'दुसरं घे.'

तुझा चिमटाकाका

*

१२ एप्रिल

आत्या,

तू बरोबर ओळखलंस. आता सगळं सांगते, मध्ये थांबू नकोस.

मांडणीवाल्यानं मोठ्या आत्याचा भिंतीएवढा चेहरा बियांचा केला होता. तीच ती गंमत. तुझं 'जिवंत नाही' वालं पत्र आलं तेव्हा तो पूर्ण होऊन रोगणही मारून झालं होतं. मी म्हटलं, गुपचूप काढून घेऊ, तुला कळायलाच नको. मग जाऊन पाहिलं तर ठिपकीचा सगळा डबा तिच्या केसांत. वर मांडणीवाला कौतुकानं सांगतो, 'कमी पडली हो, कानामागे काळे वाटाणे लावावे लागले.' मी डोक्याला हात लावला. आगीतून निघून थेट फुफाट्यात.

त्यातून त्या चेहऱ्याचे फलक शहरभर लागलेले. निमंत्रणांवर तोच छापलेला. उद्घाटन तोंडावर. तुला खरं सांगते, आत्या, एक संपूर्ण दिवस मी गप्प बसले. मनात म्हटलं, आता काही होत नाही, कशाला नोकरी घालवायची? मग पिशव्यांच्या कपाटाशी गेले. तुझे ते बारीक टाके पाहिले आणि माझी मलाच लाज वाटली. तशीच संचालक साहेबांच्या खोलीत शिरले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'बी जिवंत आहे की मेलं आहे?' मी म्हटलं, 'माहीत नाही, साहेब.' ते म्हणाले, 'मग बघा. मेलेलं निघालं तर ही कल्पना तुमची होती. जिवंत निघालं तर संग्रहालयाची.' आणि चष्मा लावून दुसरं काम काढलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण ते टेबलाखाली होते.

खरी भीती मांडणीवाल्याची होती. त्याच्या कामाला नुसता कपडा लागला तरी तो दोन दिवस बोलत नाही. मी त्याला ठिपकीचं सगळं सांगितलं, तू दिलेला शब्दही सांगितला. तो उठून निघून गेला. मी म्हटलं, संपलं. तर कोमट पाण्याचं पातेलं, स्पंज आणि स्टूल घेऊन परत आला. म्हणाला, 'माझ्या चित्राला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. गोंद खळीचा आहे, सुटेल. बाजूला व्हा.' आणि चढला वर.

सोमवारी चिमटाकाका आले. मग दोघं मिळून दिवसभर भिंतीपाशी उभे. मांडणीवाला स्पंजनं भिजवायचा, काका चिमट्यानं एकेक बी अलगद सोडवायचे, मी खाली बसून नखं घासायच्या कानशीनं डोळ्यावरचं रोगण काढायची. आधी ते एकमेकांशी बोलत नव्हते. दुपारी काका म्हणाले, 'नाक मोठं झालंय.' मांडणीवाला म्हणाला, 'तुम्ही बी सांभाळा.' संध्याकाळपर्यंत दोघं नाकावर इतके भांडले की त्यांची मैत्रीच झाली.

बागेत सध्या रणरणतं ऊन आहे म्हणून मातीचे ट्रे प्रदर्शनाच्याच दालनात, तिच्या चित्राखाली ठेवलेत. आमच्या दालनात आजवर कधी माती आली नव्हती. रखवालदार ये-जा करताना चपला काढतो, का ते त्यालाही सांगता येत नाही.

काही बिया चिरल्या होत्या. काहींचा डोळा मोकळा झालाच नाही. बाकीच्या लावल्या आहेत. अजून काही वर आलेलं नाही. काका म्हणतात, वाट बघ. मोठ्या आत्याला सध्या पूर्ण टक्कल पडलंय.

मला माफ कर. आधीच सांगायला हवं होतं.

ठकू

*

१६ एप्रिल

ठकू,

पत्र मिळालं.

रागावले होते, दोन दिवस. आता नाही. तू साहेबांच्या खोलीत शिरलीस ते बरं केलंस. ताई असती तर तुला आधी झापलं असतं आणि मग चहा दिला असता. तसं समज.

सामान हलवून झालं. चौथ्या मजल्यावर आहे. खोल्या उजेडाच्या आहेत, शेजारीण बडबडी आहे, लिफ्ट चालते. सगळं चांगलं आहे आणि माझं कशात लक्ष नाही. चहा ठेवते आणि विसरते. घेवडा लावल्यावर किती दिवसांनी वर येतो ते मला या घरात सगळ्यांत जास्त माहीत आहे, आणि मी आहे एकटीच, म्हणून कोणाला सांगताही येत नाही.

माती फार भिजवू नका. काळजीपोटी लोक पाणीच घालत बसतात आणि बी कुजतं. जे होईल ते लपवू नकोस. मेलं असलं तरी मेलं म्हणून लिही. गोड करून लिहिलंस तर मला कळेल.

धाकटी आत्या

*

२४ एप्रिल

आत्या,

आली! आत्या, आली!

परवा सकाळी दालन उघडलं आणि रखवालदार ओरडला. तो कधी ओरडत नाही, आम्हाला वाटलं चोरी झाली. धावत गेलो तर ट्रेमध्ये माती उचललेली, आणि मान खाली घातलेला एक कोंब. वाकलेला, पांढरट, डोक्यावर बीचं अर्धं साल अजून तसंच. त्यावर रोगण चमकत होतं! दुपारपर्यंत आणखी आले. कालपासून तर रांगच लागली आहे. सगळ्या नाही आल्या, गोड करून सांगत नाही. बऱ्याच गेल्या. पण निम्म्याहून जास्त वर आल्यात, आणि काका म्हणतात एवढ्या रग्गड झाल्या, एका मोसमात डबा परत भरेल.

काका ट्रेपाशी गुडघे टेकून बसले होते. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. मांडणीवाला म्हणाला, 'बघा, माझा गोंद किती चांगला होता.' संचालक साहेब आले, वाकून पाहिलं आणि मंगळवार असून हसले. म्हणाले, 'ही संग्रहालयाची कल्पना.' म्हटलं, 'हो साहेब, तुमचीच.'

आता उद्घाटनाला यायचंच. गाडी पाठवते. गुडघ्यांची कारणं चालणार नाहीत.

ठकू

*

१० जून

ठकू,

उद्घाटनाला महिना उलटून गेला आणि मी तुला साधं पोचल्याचं पत्रही लिहिलं नाही. रागावू नकोस. लिहायचं होतं ते मनात नीट लागत नव्हतं.

प्रदर्शन चांगलं केलंस. ताई तुला दिसली तशी मांडलीस, देव्हाऱ्यात बसवली नाहीस. फुटके चष्मे चारही ओळीनं पाहिले आणि हसू आलं. आणि ते टकलाचं चित्र! खाली पाटी, 'यांचे केस खालच्या ट्रेमध्ये उगवत आहेत.' लोक वाचायचे, हसायचे आणि मग वाकून बघत बसायचे. ताईला टक्कल शोभलं असतं हे मला कधी सुचलं नव्हतं. नाकाबद्दल मी चिमट्याच्या बाजूची आहे.

तू विचारलं होतंस ना, मी ट्रेपाशी एवढा वेळ काय करत होते, काही त्रास होत होता का? त्रास नव्हता. रडत होते. ताई गेली तेव्हा माणसं, कागद, दवाखाना, सगळं निस्तरता निस्तरता रडायचं राहून गेलं होतं. ते तिथे आलं. रोपं वीतभर झाली होती आणि पानं ओळखीची होती. मी मनात म्हटलं, ताई, गेली नाही गं. एवढंच म्हटलं, पण छातीवरून काहीतरी उतरलं.

आणखी एक खरं सांगते, चिमट्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. मला घेवडा आवडत नाही. कधीच आवडला नाही, ना खायला, ना लावायला. ताई असताना मी पिशव्या शिवल्या त्या तिच्यासाठी. ती गेल्यावर दर वर्षी लावला तोही तिच्यासाठीच, आणि दर वर्षी धास्तीनं अर्धी झाले. गारठा पडला की वाटायचं, गेली. मावा दिसला की वाटायचं, यंदा जाते. उंदीर, गोगलगाय, शेजारचा बोकड, सगळे माझे वैरी. त्या डब्यातलं बी म्हणजे ताईच आहे आणि ती माझ्या एकटीच्या हातात आहे असं वाटायचं. आणि माझ्या हातांचं तर तुला माहीत आहे, कप-बशा धड राहत नाहीत.

आता चिमट्याच्या केंद्रात ती आहे, तुझ्या बागेत आहे, आणि उद्घाटनाला आलेल्या त्या बागकाम करणाऱ्या बायकांनी नावं नोंदवली आहेत त्यांच्याकडेही जाईल. एकाकडची गेली तर दुसऱ्याकडची राहील. एवढी साधी गोष्ट ताईला का सुचली नाही? सगळ्या जगाला बी वाटलं आणि आपल्या घरचं राखायला मी एकटी. पण तिला माहीत असणार, मी सोडणार नाही. बरोबरच होतं तिचं.

परवा चिमटा इथे येऊन गेला. मोठ्या प्रेमानं कुंडी आणली होती, आणि ठिपकीचं एक रोप मुळांच्या मातीसकट पिशवीत. 'धाकट्या ताई, तुमच्या गॅलरीसाठी.' मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, जाताना पिशवी त्याच्याच हातात परत दिली. म्हटलं, 'तू लाव.' कुंडी मात्र ठेवून घेतली, तिच्यात शेजारणीनं गुलाबाची फांदी खोचली आहे. जगली तर जगली.

आणि काल एक गंमत झाली. भिंतीवरचं कॅलेंडर उलटायचं राहिलं होतं ते उलटायला गेले आणि लक्षात आलं, मे संपून गेला की. पेरणी होऊन गेली. आणि मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. त्या दिवसांत मी काय करत होते म्हणून आठवून पाहिलं, तर शेजारणीबरोबर पत्ते खेळत होते. तीन डाव हरले होते, आणि मजेत होते.

धाकटी आत्या